आधी घोडं, मग खोगीर

आमचं तट्टू आम्ही विकलं नव्हतं, लोनवर दिलं होतं. इंग्लंडात ही पद्धत सर्रास चालते. पोरं वाढतात, पाय रिकिबीखाली लोंबायला लागतात आणि ज्या तट्टावर ती बसायला शिकली त्याला अचानक काम उरत नाही. विकायला मन धजत नाही, कारण म्हातारं जनावर एकदा हातातून गेलं की पुढे कुणाच्या दावणीला जाईल याचा नेम नसतो. मग ओळखीपाळखीतून लहान मुलांचं एखादं घर शोधायचं आणि त्यांना सांभाळायला द्यायचं. मालकी आपली, सांभाळ त्यांचा. दाणावैरण, नालबंद, डॉक्टर, विमा सगळं त्यांच्याकडे, बदल्यात त्यांच्या पोराला शिकायला शहाणं घोडं. बहुतेक ठिकाणी भाडं-बिडं काही नसतं.

आमच्या बिस्किटचं असंच झालं. वेल्श माउंटन पोनी, इकडच्या नोंदवहीत ‘सेक्शन ए’. या जातीला १२ हँड्सच्या वर उंची चालत नाही, म्हणजे खांद्याशी जेमतेम ४ फूट. लेकीच्या लहानपणी राखाडी होता, वयाबरोबर पांढरा होत गेला. स्वभावानं गरीब पण बिलंदर. कुंपणाचा कुठला खांब सैल झालाय हे आमच्याआधी त्याला कळायचं. आम्ही श्रॉपशायरमध्ये लडलो या गावाच्या बाजूला राहतो, एका शेतकऱ्याकडून छोटंसं कुरण भाड्यानं घेतलेलं आहे. लेक तेरा वर्षांची झाली, तिला हॉकीनं ओढलं, आणि एकवीस वर्षांचं हे तट्टू दिवसभर फाटकाशी उभं राहायला लागलं. एकटं घोडं झुरतं. म्हणून चेशायरमधल्या एका कुटुंबाला दिला. त्यांची मुलगी सहा वर्षांची, घरी आधीची एक म्हातारी घोडी सोबतीला. सगळं जुळत होतं.

करार केला होता. ब्रिटिश हॉर्स सोसायटी लोनच्या कराराचा नमुना देते, त्यावरच बेतलेला. जनावर दुसऱ्या जागी हलवायचं नाही, पुढे तिसऱ्याला द्यायचं नाही, नालबंद आठ आठवड्यांच्या आत, दात वर्षातून दोनदा, आम्ही कळवून कधीही बघायला येणार. कोणत्याही बाजूनं मोडायचा तर २८ दिवसांची लेखी नोटीस, पण जनावराच्या जिवाला किंवा तब्येतीला धोका आहे असं पशुवैद्यानं लिहून दिलं तर लगेच. शिवाय आमची दोन कलमं. पहिलं, रोजची गोळी चुकवायची नाही. बिस्किटला विसाव्या वर्षी कुशिंग्ज निघालं होतं. म्हाताऱ्या घोड्यांमध्ये हे बरंच दिसतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा ताबा सुटतो, हार्मोन भलतीकडे वाहतात, अंगावर लांब कुरळे केस येतात आणि उन्हाळ्यातसुद्धा झडत नाहीत. त्यावर पर्गोलाइडची गोळी रोज, जन्मभर. दुसरं कलम चरण्याचं. गवत मोजूनमापून, बाकी वेळ सुकं गवत.

हे दुसरं कलम त्या घरी सगळ्यात महत्त्वाचं होतं. चेशायर म्हणजे दुधाचा मुलूख. जमीन ओली, गवत लुसलुशीत, गाईंनी बादल्या भरून दूध द्यावं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेलं रायग्रास. त्या कुटुंबाची जागाही जुनी डेअरीच. गाई गेल्या, गवत राहिलं. आणि वेल्श तट्टू हे डोंगरावरच्या काट्याकुट्यांवर, पावसात भिजलेल्या खुरट्या गवतावर तगून राहिलेलं जनावर. जे मिळेल त्यातून चरबी साठवायची हा त्याच्या रक्ताचा गुण. दुभत्या गाईच्या कुरणात ते सोडणं म्हणजे मधुमेह्याला जिलबीच्या दुकानात नोकरी देणं. त्या बाईंनी आमच्यासमोर विजेची पातळ तार लावून कोपऱ्यातला एक तुकडा वेगळा काढला होता आणि पहिलं वर्षभर ती तार जागेवर होती. नालबंदाच्या पावत्या यायच्या, फोटो यायचे. मुलगी लगामाशिवाय त्याच्या पाठीवर उताणी झोपलीय, तो निवांत उभा, असाही एक होता.

दुसऱ्या वर्षी फोटोंमध्ये फक्त तोंड दिसायला लागलं. आयाळीत रिबिनी, नाकावर मुलीचा हात, कपाळावर चिकटवलेला कागदी तारा. मानेच्या खालचं काही नाही. पाठवा म्हटलं की ‘हो, उद्या’. तिसरा हिवाळा सरला, आणि वसंतात तिकडच्या एका गावजत्रेत ओळखीच्या एका बाईंनी त्याला पाहिलं. त्यांनी काही न लिहिता एक छोटा व्हिडिओ पाठवला. बिस्किट काँक्रीटवरून चालतोय, पुढचे पाय उचलून टाकायच्या ऐवजी जपून ठेवतोय. घोड्यांच्या सहवासात राहिलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

माझी आई तेव्हा आमच्याकडे होती. माहेर कर्जतचं. माथेरानला गाड्यांना बंदी असल्यामुळे दस्तुरी नाक्यापासून पुढे तेव्हा घोड्यांचंच राज्य असायचं, त्यामुळे घोडी आम्ही लहानपणापासून पाहिलेली, पण ती दिवसभर चढण चढणारी, बरगड्या मोजता येतील अशी. आईनं व्हिडिओ पाहिला आणि म्हणाली, “छान गुटगुटीत झालाय की गं! चांगलं खायला घालतायत.” हे एक वाक्य पुढचा सगळा काळ मला पुरलं. कारण त्या घरच्यांनाही अगदी हेच वाटत होतं. तिथे कुणी दुष्ट नव्हतं. कुणी मारत नव्हतं, कोंडत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं. तक्रार करायला सोपं असं त्यात काही नव्हतं, आणि अशा घरातून जनावर परत मागणं जास्त अवघड जातं.

कळवूनच गेले. नवरा बाईंशी फाटकापाशी हवापाण्याचं बोलत राहिला आणि मी कुरणात गेले. विजेची तार गुंडाळून खांबाला अडकवलेली. बिस्किट मधोमध, गुडघाभर गवतात, आणि मला पाहून चालत आला नाही. मान वर केली, फुरफुरला, तिथेच उभा राहिला. पुढचे पाय पुढे ताणलेले, वजन मागे टाकलेलं. आयाळीखालच्या मानेच्या वळीला हात लावला तर ती कच्च्या पपईसारखी टणक. मे महिना, तरी पोटाखाली बोट बुडेल एवढे केस. मग खाली बसून टाचेच्या वर, जिथे पाय बारीक होतो तिथे, दोन बोटं ठेवली. निरोगी घोड्याची ही नाडी चटकन सापडत नाही, शोधावी लागते. इथे बोट टेकताच ठोके लागत होते, दोन्ही पुढच्या पायांना. खुरावर आडव्या कड्या उठलेल्या, पुढे एकमेकींना चिकटून आणि टाचेकडे फाकत गेलेल्या. अशा कड्या एका आठवड्यात पडत नाहीत. खूर वरून खाली हळूहळू वाढतो, त्यामुळे मागच्या कित्येक महिन्यांचा हिशेब त्याच्यावर लिहिलेला असतो, पावत्या काही म्हणोत. कुंपणाशी गवताच्या अर्धवट चावून टाकलेल्या गोळ्या पडल्या होत्या. म्हणजे दातही गेलेले.

लॅमिनायटिस. खुराच्या आतलं हाड आणि बाहेरची भिंत यांना धरून ठेवणारे नाजूक पापुद्रे सुजतात, सैल पडतात. फार झालं तर हाड आतल्या आत फिरतं नाहीतर खचतं. गोड गवत, लठ्ठपणा, कुशिंग्ज, यातलं एकही पुरतं. इथे तिन्ही एकत्र नांदत होती.

बाईंना विचारलं, गोळी चालू आहे ना? त्या म्हणाल्या, “ती दिली की तो खायचाच बंद व्हायचा. बघवेना. म्हणून थांबवली. आता बघा कसा छान खातो.” पर्गोलाइडनं सुरुवातीला कधीकधी भूक मंदावते हे खरं आहे. त्यासाठी डॉक्टरांना फोन करून मात्रा खालीवर करायची असते. चालण्याबद्दल विचारलं तर, “चोवीस वर्षांचा आहे, सांधे आखडणारच.” त्यांच्या बोलण्यात लपवाछपवी अजिबात नव्हती, हे मी आजही सांगेन. मी तिथे आवाज चढवला नाही. तेवढंच म्हटलं की मला त्याचे पाय आवडले नाहीत, आज संध्याकाळपासून तो गवताबाहेर हवा, मी डॉक्टरांना बोलावते.

गाडीत नवरा पेटला. त्याचं म्हणणं, पोलिसांना फोन कर. त्यात अर्थ नव्हता. आपण स्वखुशीनं दिलेलं जनावर परत मिळवायचं तर पोलिस सहसा ‘हा दिवाणी मामला’ म्हणून हात झटकतात. घोड्याचा पासपोर्ट दाखवूनही फरक पडत नाही. इथे प्रत्येक घोड्याला पासपोर्ट लागतो, तो जनावराबरोबरच राहायला हवा, म्हणजे लोनच्या काळात आपल्याकडे नसतोच. आणि त्यावर मालक म्हणून आपलं नाव असलं तरी कायद्याच्या नजरेत तो मालकीचा पुरावा नव्हे. मालकी सिद्ध करायला कामाला येतात ती खरेदीची पावती, सही केलेला करार, आणि बरीच वर्षं जपलेल्या डॉक्टरांच्या बिलांचा गठ्ठा. आमच्याकडे तिन्ही होतं. मायक्रोचिपही आमच्या नावावर होती. इंग्लंडात १ ऑक्टोबर २०२० पासून सगळ्या घोड्यांना ती सक्तीचीच आहे.

माझ्या डोक्यात दुसराच कायदा घोळत होता. इंग्लंड आणि वेल्सचा २००६ चा प्राणी कल्याण कायदा सांगतो की ज्याच्या ताब्यात जनावर आहे तो जबाबदार असतोच, पण मालक नेहमीच जबाबदार धरला जातो. दुसऱ्याच्या गोठ्यात बांधलंय म्हणून सुटका नाही. हे वाचल्यावर त्या बाईंचं काय चुकलं याची यादी करण्यातला माझा रस संपला. तट्टू माझं, पाय त्याचे दुखतायत, आणि त्याला तिथून काढायचंय. बाकी सगळं नंतर.

नोटिशीचं पत्र नवऱ्यानं लिहायला घेतलं. दोन पानं झाली, त्यात ‘अक्षम्य’ हा शब्द वारंवार. मी ते पाऊण पानावर आणलं. विशेषणं सगळी काढली. कराराची तारीख, मोडलेल्या कलमांचे आकडे, आम्ही काय पाहिलं, डॉक्टर कधी येणार, त्यांनी लिहून दिलं तर जनावर ताबडतोब, नाहीतर २८ दिवसांनी नेणार, न्यायला कोण येणार, आणि त्यावेळी काय तयार ठेवायचं. शेवटी एक ओळ, की तुमच्या मुलीनं त्याच्यावर केलेली माया आम्हाला दिसते. ती ओळ डावपेच म्हणून लिहिली नव्हती, पण काम तिनंच केलं असा माझा संशय आहे. ईमेलनं पाठवलं आणि सही घेऊन देणाऱ्या टपालानंही पाठवलं. व्हॉट्सॲपवर एक अक्षर नाही. तिथे माणूस रात्री अकराला भांडतो.

उत्तर आलं ते पैशांचं. कुंपण, कडबा, विमा, एवढी वर्षं केलेला खर्च, त्याची भरपाई द्या मग न्या. करारात असं काही नव्हतं. आमच्या ओळखीच्या बहुतेकांनी सल्ला दिला की वकिलाकडून खरमरीत पत्र पाठव. मी वाद घातलाच नाही. लिहिलं की खर्चाबद्दल तुमचं जे म्हणणं असेल ते लेखी द्या, वाचेन, पण जनावर नेण्याशी त्याचा संबंध नाही. दोन विषय वेगळे ठेवायचे. एकात एक अडकू द्यायचे नाहीत. समोरच्याला नेमकं तेच हवं असतं, कारण जनावर त्यांच्या दारात असतं आणि वेळ त्यांच्या बाजूनं असतो.

पशुवैद्य आले. पुढच्या खुरांचे एक्स-रे काढले, हाड थोडं फिरलं होतं, खचलं नव्हतं. ‘या जागी ठेवणं तब्येतीला घातक’ असं लेटरहेडवर लिहून दिलं. मी सुटकेचा श्वास सोडणार तोच ते म्हणाले, आत्ता हलवू नका. सुजलेल्या पायांनी हलणाऱ्या ट्रेलरमध्ये तोल सावरत उभं राहायचं म्हणजे प्रत्येक वळणावर त्या सैल पापुद्र्यांवर ताण. आधी जाड गादीवर सक्तीची विश्रांती, खुराखाली मऊ पॅड, दुखणं उतरू द्या, मग. म्हणजे हातात कागद आला, आणि तट्टू मात्र त्याच घरी, त्याच माणसांच्या हाती ठेवायचं होतं.

वेदनाशामकावर आणखी एक फाटा फुटला. घोड्यांच्या दुखण्यावर इथे ‘ब्यूट’ देतात, फिनाइलब्युटाझोन. पण ज्याचं मांस माणसाच्या खाण्यात जाऊ शकतं अशा जनावराला ते देता येत नाही, म्हणून ‘हा घोडा खाण्यासाठी नाही’ अशी नोंद पासपोर्टात आहे का हे डॉक्टरांना पाहावं लागतं. आमच्या बिस्किटच्या पासपोर्टात ती होती. पासपोर्टच सापडत नव्हता, इथेच घोडं पेंड खात होतं. बाई म्हणाल्या घरात कुठेतरी आहे. डॉक्टरांनी तूर्त दुसरं औषध दिलं.

आणि मग त्या घरातला ज्याच्याकडे आम्ही आजवर लक्षच दिलं नव्हतं तो माणूस पुढे आला, बाईंचे यजमान. ट्रकवर काम करणारे, अबोल गृहस्थ. डॉक्टर सांगत असताना दाराशी उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, गवत किती वेळ भिजवायचं? सुकं गवत पाण्यात ठेवलं की त्यातली बरीच साखर पाण्यात उतरते, ते पाणी ओतून द्यायचं. त्यांनी पहाटे कामावर जायच्या आधी जाळी भिजत टाकायची, आल्यावर निथळायची, काट्यावर तोलून द्यायची, असं रोज केलं. रोज सकाळी मला फोटो. या वेळी खुरांचा. लाकडाच्या भुश्शाची गादी त्यांनी दारापर्यंत पसरली होती, कारण तट्टू दारातून तोंड काढून उभं राहतं आणि पुढचे पाय नेमके तिथेच असतात. हे मी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांना सुचलं. त्या काळात बाईंचा एकही निरोप आला नाही.

न्यायच्या दिवसासाठी ट्रेलर शेजाऱ्याचा मिळाला. एक बरं आहे, १६ डिसेंबर २०२१ पासून साध्या गाडीच्या लायसन्सवर साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, पूर्वी १९९७ नंतर लायसन्स काढणाऱ्यांना वेगळी परीक्षा द्यावी लागायची. एकच जनावर असेल तर ते दोन कप्प्यांच्या ट्रेलरमध्ये उजव्या, चालकाच्या बाजूला उभं करतात, रस्ता कडेला उतरता असतो म्हणून. भुसा घोट्याच्या वर येईल एवढा भरला.

यार्डात पोचलो तेव्हा मुलगी खरारा करत होती. रडून झालं होतं, डोळे सुजलेले, पण हात चालू. आमची लेक तिच्याजवळ जाऊन बसली आणि दोघी शेपटीचा गुंता सोडवायला लागल्या. मोठ्यांचा कार्यक्रम वेगळाच चालला होता. पासपोर्टाशिवाय घोडा रस्त्यावर न्यायचा नाही, कायदाच आहे. बाई म्हणाल्या, अजून शोधतोय. मी म्हटलं, थांबते. फोल्डिंगची खुर्ची काढली आणि यार्डात बसले. चहाचा थर्मास होता. माझं ठरलेलं होतं की संध्याकाळ झाली तरी चालेल, पण ‘उद्या पोस्टानं पाठवतो’ ऐकायचं नाही. तासाभरानं यजमान आतून आले आणि हिरवं पुस्तक माझ्या हातात दिलं. कुठे होतं विचारलं नाही.

मग खोगीर. बिस्किटबरोबर आम्ही त्याचं खोगीर, लगाम, दोन रग आणि पावसाळी झूल दिली होती, यादी कराराला जोडलेली. रग मिळाले, लगाम मिळाला. खोगीर नव्हतं. ‘मैत्रिणीकडे आहे.’ नवऱ्यानं यादी बाहेर काढली, बाईंनी कमरेवर हात ठेवले, आणि मला दिसलं की आता हे भांडण खोगिरावर जुंपणार आणि तट्टू गोठ्यातच राहणार. मी मराठीत म्हटलं, “आधी घोडं, मग खोगीर. यादी आत ठेव.” त्यानं ठेवली, रागानं, पण ठेवली.

गोठ्यापासून ट्रेलरपर्यंत काँक्रीट. त्यावरून त्याला चालवायचं नव्हतं. आम्ही रबरी चटया आणल्या होत्या, पण अंतर मोठं आणि चटया चारच. म्हणून बिस्किट एक चटई ओलांडेपर्यंत मागची उचलून पुढे टाकायची, असं करत गेलो. मी आणि यजमान चटया टाकतोय, लेक हेडकॉलर धरून, आणि तो चिमुकली पावलं टाकत, मधेच थांबून आमच्याकडे बघत. घाई करायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. फळीशी आल्यावर ती छोटी मुलगी काही न सांगता पुढे होऊन ट्रेलरमध्ये जाऊन उभी राहिली. बिस्किट तिच्या मागून गेला. तिनंच भिजवलेल्या गवताची जाळी बांधली, गाठ सैल होती, ती मी नंतर पुढच्या वळणावर गाडी थांबवून बांधली.

घरी आल्यावरचं काम सांगण्यासारखं आहे आणि कंटाळवाणंही. लठ्ठ तट्टाला उपाशी ठेवायची सोय नसते. लोकांना वाटतं खाणं तोडलं की झालं. पोनींमध्ये अचानक उपास घडला तर अंगातली चरबी रक्तात उतरते आणि यकृत बसतं, जनावर हातचं जातं. म्हणून वजनाच्या साधारण दीड टक्का सुकं खाणं, थोडं थोडं, बारीक भोकांच्या जाळ्यांतून, म्हणजे वेळ जातो आणि पोट रिकामं राहत नाही. आला तेव्हा छातीभोवती गुंडाळायची वजनाची टेप २८० किलो दाखवत होती. थंडी पडेपर्यंत २३५ च्या आसपास आला. दात पाहणाऱ्यानं सांगितलं की दोन दाढा मुळातून संपल्यात. घोड्याचे दात आयुष्यभर झिजतात आणि झिजतील तसे वर सरकतात, पण साठा मर्यादितच असतो, म्हातारपणी तो खुंटतो. त्यामुळे लांब गवत त्याला चावता येत नाही. आता कुटलेलं सुकं गवत पाण्यात लगदा करून देतो, दिवसातून चारदा. हा लगदा त्याच्या मिशांना लागतो आणि तो तोंड पुसायला माझ्या कोटाकडे येतो.

रक्त तपासलं. कुशिंग्जसाठी एसीटीएच हे पिट्युटरीतलं हार्मोन मोजतात, ते अपेक्षेपेक्षाही वर निघालं. पर्गोलाइड अर्ध्या गोळीनं सुरू करून चढवत नेलं, आणि भूक फारशी गेली नाही. गोळी द्यायच्या युक्त्या प्रत्येक घरच्या वेगळ्या. आम्ही गाजराला खाच पाडून बघितली, तो गाजर खाऊन गोळी अंगणात थुंकायचा. आई अजून होती, तिनं पोळीचा नखाएवढा तुकडा घेऊन त्यात गोळी दुमडली आणि स्वतः एक तुकडा खाऊन दाखवला. तेव्हापासून पोळी. नालबंद सुरुवातीला चार-पाच आठवड्यांनी येत होता. पुढची लांबलेली नखं एकदम कापायची नसतात, प्रत्येक वेळी थोडी, एक्स-रे समोर ठेवून. इकडे १९७५ च्या कायद्यानं नोंदणी नसलेल्या नालबंदाला नाल ठोकता येत नाही, आणि चांगला नालबंद मिळवणं हे चांगला डेंटिस्ट मिळवण्याहून कठीण. आमचा बोलत नाही, शिट्टी वाजवतो. वर्षाअखेरी त्यानं खुरावरची एक कडी नखानं दाखवली, तिच्यावर नवा गुळगुळीत खूर दोन बोटं वाढला होता, आणि शिट्टी थांबवून म्हणाला, “हे घरी आल्यावरचं.”

आता लोक विचारतात, पुन्हा देशील का लोनवर? बिस्किटला नाही, त्याचं बसण्याचं वय संपलं. पण पद्धत मला वाईट वाटत नाही. हजारो तट्टांची म्हातारपणं तिच्यावर बरी जातात. वर्ल्ड हॉर्स वेल्फेअर ही १९२७ मध्ये एडा कोल यांनी सुरू केलेली संस्थासुद्धा सोडवून आणलेली घोडी घरोघरी अशाच पद्धतीनं देते, मात्र मालकी स्वतःकडे ठेवते आणि आपली माणसं पाहणीला पाठवते. फरक त्या पाहणीत आहे. सहामाही नालबंदाची पावती मागण्याऐवजी मी आता काँक्रीटवर चालतानाचा व्हिडिओ मागेन, बाजूनं, नाकापासून शेपटीपर्यंत. आणि जिथे खूप प्रेम आहे तिथे जास्त वेळा जाईन. हे बोलून दाखवलं की लोकांना खटकतं.

खर्चाच्या भरपाईचं ते पत्र कधी आलंच नाही. डॉक्टरांचं बिल मी भरलं. अर्धं त्यांनी द्यावं असं नवऱ्याचं अजून मत आहे आणि तो बरोबरही असेल. शरद ऋतूत, एका शनिवारी, यजमानांचा मेसेज आला की मुलगी विचारते, बघायला येऊ का? म्हटलं या. तेव्हापासून अधूनमधून येतात. ती खरारा करते, लगद्याची बादली आणते, पोळीचा तुकडा तिला दुमडता येतो. बाईही एकदा आल्या, गाडीतून उतरल्या, कुंपणाबाहेरून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “बारीक झालाय.” मी म्हटलं, “हो.” मग पावसाबद्दल बोललो. खोगिराचा विषय अजून कुणी काढलेला नाही.